गाडीभर तबकड्या

 एका वाचकाचा प्रश्न आला आणि तो मला सोडवेना. अमेरिकन कंट्री गायिका लोरेटा लिन पहिल्याच तबकडीवर रातोरात गाजली, मग तिचे कष्ट ते कसले, असं त्यांनी विचारलंय.

खरे कष्ट तबकडी निघाल्यावर सुरू झाले.

सुरुवात झाली १७ डॉलरच्या एका गिटारपासून. नवऱ्यानं, म्हणजे डूलिटलनं, आणून दिलेली. चार लेकरांची आई तिच्यावर आपली आपण शिकली. पुढे टॅकोमाला बक ओवेन्सच्या टीव्ही कार्यक्रमात स्पर्धा जिंकली आणि बक्षीस मिळालं मनगटी घड्याळ. तो कार्यक्रम लाकडाच्या धंद्यातल्या नॉर्म बर्ली या कॅनेडियन गृहस्थांनी पाहिला आणि ध्वनिमुद्रणाला पैसे दिले. १९६० साली ‘झीरो’ या त्यांच्या इवल्याशा कंपनीनं ‘आय'म अ हाँकी टाँक गर्ल’ काढलं.

आता कंपनी इवलीशी, म्हणजे माल दुकानात पोचवणारं कुणी नाही आणि जाहिरातही नाही. पण तेव्हा अमेरिकेत गावोगावी छोटी रेडिओ केंद्रं होती आणि कुठलं गाणं लावायचं हे पुष्कळ ठिकाणी निवेदकच ठरवायचा. डूलिटलनं हे बरोबर हेरलं. दोघांनी फोटो आणि तबकड्या टपालानं पाठवल्या, मुलांची सोय लावली आणि वॉशिंग्टन राज्यातून गाडी काढली. झोपायचं गाडीतच, जेवण म्हणजे पावात मांसाचा काप आणि चीज. केंद्र आलं की लोरेटा केस सारखे करून तबकडी हातात घेऊन आत जायची आणि निवेदकाला म्हणायची, एकदा लावून बघा. तिथून पुढचं गाव.

डूलिटलच्या दारूचं आणि बाहेरख्यालीपणाचं मी मुळीच समर्थन करत नाही. पण या प्रवासाचं श्रेय त्याचंच. तो नसता तर ती तबकडी त्यांच्या कस्टर गावाबाहेर गेली नसती, असं माझं ठाम मत आहे.

दोघं नॅशव्हिलला पोचेपर्यंत गाणं चाललं होतं. ‘बिलबोर्ड’च्या कंट्री यादीत ते १४व्या क्रमांकापर्यंत चढलं आणि १५ ऑक्टोबर १९६० रोजी लोरेटा ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर उभी राहिली. हाच कार्यक्रम केंटकीतल्या बुचर हॉलोच्या लाकडी घरात शनिवारी रात्री तिच्या माहेरचं सगळं वेब कुटुंब रेडिओला कान लावून ऐकायचं. रेडिओ आणला होता तिच्या वडिलांनी, कोळशाच्या खाणीतल्या मजुरीतून. लेकीचं गाणं त्यावर ऐकायला ते नव्हते. आदल्याच वर्षी, १९५९ मध्ये, ते वारले होते.