शेरू, चिमी आणि आमची गल्ली

मैत्रिणींनो, मुलं मोठी होऊन शिकायला बाहेरगावी गेली की घर खायला उठतं, हे तुमच्यापैकी कितीजणी अनुभवत असतील! आमच्याकडेही तसंच झालं. पण ते रिकामपण फार दिवस टिकलं नाही. पाठोपाठ दोन लेकरं घरात आली. एक शेरू, दुसरी चिमी. शेरू अस्सल गावरान, तांबूस रंगाचा, कान सदा उभे. ऐन श्रावणात भिजून कुडकुडत आमच्या ओट्याखाली येऊन बसला, तो कायमचाच. चिमी पांढरीशुभ्र, पामेरियनसारखी केसाळ. तिच्या मालकांची बदली झाली, नव्या गावी फ्लॅट लहान, म्हणून ‘ताई, तुम्हीच सांभाळा’ असं सांगून ती आमच्याकडे आली. एक रस्त्यावरचा, एक गादीवरची. पण आठ दिवसांत दोघं एकाच पोत्यावर झोपायला लागले. जातपात, श्रीमंती-गरिबी हे माणसांचे उद्योग. त्यांना काय त्याचं!

आमचा दिवस साडेपाचला सुरू होतो. घड्याळ बंद पडेल, पण शेरूचं पंजाने दार खरवडणं चुकायचं नाही. चहा नंतर, आधी फिरणं. दोघांच्या गळ्यात पट्टा, एका हातात साखळी, दुसऱ्या हातात काठी आणि जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे. हो, आपल्या कुत्र्याने कोणाच्या दारात घाण केली तर ती आपणच उचलायची. सडा-रांगोळी करणाऱ्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहा म्हणजे पटेल.

कधी बोरीच्या काठाने जातो, कधी अंबर्षी टेकडीवर. बोरी म्हणजे आमच्या अमळनेरचा प्राण. पावसाळ्यात तिला पाणी येतं तेव्हा बघायला गर्दी होते, उन्हाळ्यात मात्र नुसती वाळू. संत सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात भरते ती याच नदीच्या पात्रात. त्या दिवसांत मी या दोघांना तिकडे फिरकू देत नाही. गर्दी, पाळण्यांचे भोंगे, लहान मुलं, हातातली भजी… कुत्रा कितीही शहाणा असला तरी त्याची परीक्षा कशाला पाहायची?

टेकडीवर मात्र मजा असते. गावातल्या हौशी मंडळींनी तिथे झाडं लावून जगवली आहेत. चिमी फुलपाखरामागे पळते आणि शेरू दर दहा पावलांवर मागे वळून आम्ही येतोय ना ते बघतो. वाटेत भेटणारी एक आजी रोज विचारते, “कथा जाई ऱ्हायनी व माय, दोन्ही पोरेसले लिसन?” पहिल्यांदा तिने हसून टोमणा मारला होता. आता तीच पदराला बांधून भाकरीचा तुकडा आणते!

सुट्टीत मुलं आली की मोठी सहल. तापी-पांझरेच्या संगमावरचं कपिलेश्वर हे आमचं आवडतं ठिकाण. मंदिरात कुत्री न्यायची नाहीत, हा आमचा नियम. आम्ही आळीपाळीने दर्शन घेतो, एकजण बाहेर त्यांना घेऊन झाडाखाली. दुपारी शिदोरी सोडायची. आम्हाला कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत. त्यांना साधी भाकरी ताकात कुस्करून. शेरूला पाण्याचं भारी वेड, पण पट्टा सोडून नदीत उतरू देत नाही. तापीचं पाणी वरून शांत दिसलं तरी तिचा भरवसा नाही.

एकदा लग्नासाठी चिमीला रेल्वेने न्यायची वेळ आली. आमचं गाव सुरत-भुसावळ मार्गावर, गाडी हाताशी, पण कुत्रं न्यायचं कसं हेच ठाऊक नव्हतं. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. स्लीपरच्या किंवा साध्या डब्यात कुत्रं नेता येत नाही. पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आपल्या नावावर असेल तर सोबत नेता येतं, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावं लागतं. त्यासाठी पार्सल कचेरीत आधी नोंद करावी लागते. बारा तास चिमी एकटी पेटीत? आमच्या ह्यांनी विचारलं, “तू बसशील का?” झालं! चिमी घरी राहिली आणि सोबतीला सासूबाई राहिल्या.

सासूबाईंचं सांगायलाच हवं. सुरुवातीला त्यांचा कडक विरोध. कुत्रं घरात म्हणजे विटाळ. देवघराच्या बाजूला पाऊलही पडायचं नाही. मी वाद घातला नाही. दत्ताच्या तसबिरीसमोर त्या रोज हात जोडतात. त्या तसबिरीत पायाशी चार कुत्री आहेत, ते चार वेद असं त्याच आम्हाला सांगत आल्या. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट माझ्या मुलांनी त्यांच्याच तोंडून ऐकलेली. स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडून आत जायला नकार देणारा धर्मराजही त्यांचाच. आता देवघराची हद्द कायम आहे, पण दुपारी पोथी वाचताना त्यांच्या पायाशी शेरू असतो आणि ‘याला समजतं बरं सगळं’ असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आमच्याकडे पाहुणे उतरले होते. त्यांच्यासमोर चिमीचं कौतुक सर्वांत जास्त कोणी केलं असेल? सासूबाईंनी!

आता खाण्यापिण्याचं. आपल्याकडे उरलंसुरलं कुत्र्याला घालायची पद्धत. पण आपलं खानदेशी जेवण म्हणजे काळा मसाला, तेलाची तर्री आणि लसूण. ते त्यांच्या पोटाला झेपत नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक. चॉकलेट तर विषच, द्राक्षं आणि मनुकाही घातक. शिजलेल्या कोंबडीचं हाड चावताना फुटतं आणि त्याची टोकं आतड्यात रुततात. भाकरी, भात, बिनमिठाचं वरण, उकडलेलं अंडं, ताक, एवढं पुरे. आणि आपल्या जळगाव जिल्ह्याचं केळं! अर्धं केळं शेरूला, पाव चिमीला.

उन्हाळा मात्र जिवावरचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा पंखा. म्हणून सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी ऊन कलल्यावरच फिरणं. डांबरी रस्त्यावर आपला उलटा हात पाच-सात सेकंद ठेवून पाहा. आपल्याला चटका बसला तर त्यांच्या तळव्यांनाही बसतो. अंगणात मातीच्या मोठ्या पातेल्यात पाणी भरून ठेवते, तेही रस्त्यावरच्यांना पुरेल असं. पावसाळ्यात गोचीड. कानामागे, बोटांच्या बेचक्यात रोज बघायचं. गोचिडाच्या तापाने कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या फिक्या पडतात. घरगुती उपाय करत बसू नये, सरळ जनावरांच्या डॉक्टरांकडे जावं.

आता ज्या कारणासाठी मुख्यतः लिहायला बसले, त्याकडे वळते.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या आठ वर्षांच्या मुलाला संध्याकाळी खेळताना कुत्रं चावलं. पोटरीला दोन दात लागलेले, रक्त आलेलं. मी पोचले तोवर कोणीतरी जखमेत लाल तिखट भरायला वाटी आणली होती. दुसरी बाई म्हणे, चुना लावा. तिसरी म्हणे, अमक्या गावचा माणूस झाडपाल्याचं औषध देतो, सकाळी जाऊ. मुलाची आई नुसती रडत होती. मी वाटी बाजूला सारली आणि पोराला नळाखाली बसवलं. कपडे धुण्याच्या साबणाने, वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून पंधरा मिनिटं जखम धुतली. तो किंचाळत होता, पण सोडलं नाही. मग रिक्षा करून सरकारी दवाखाना. तिथे लस दिली, जखमेतून रक्त आलेलं म्हणून जखमेच्या जागी दुसरं इंजेक्शनही दिलं.

हे सगळं का, ते प्रत्येक आईने समजून घ्यायला हवं. रेबीजचा विषाणू चावणाऱ्या जनावराच्या लाळेत असतो. जखमेतून तो मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातो. त्याला काही आठवडे, काही महिने लागतात, क्वचित वर्षही. तोवर माणूस ठणठणीत दिसतो. पण एकदा का पाण्याची भीती, वारा सहन न होणं अशी लक्षणं दिसली, की मग वाचवणं जवळजवळ अशक्य. म्हणजे या आजारात वेळ हाच खरा डॉक्टर! साबण-पाण्याने विषाणूचा मोठा भाग तिथेच निघून जातो. तिखट, चुना, तेल, हळद यांनी जखम चिघळते आणि विषाणू आत ढकलला जातो. पोटात चौदा इंजेक्शनांची भीती तर आता सोडाच. ती जुनी लस भारतात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडावर देतात. सरकारी दवाखान्यात पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. एकही डोस चुकवायचा नाही. ‘बरं वाटतंय की’ म्हणून तिसरा, चौथा डोस सोडून देणारे मी पाहिलेत.

दुसऱ्या दिवशी मात्र वेगळंच वादळ उठलं. ‘तांबडं कुत्रं होतं’ असं एका पोराने सांगितलं आणि सगळ्यांची बोटं शेरूकडे वळली. तो तेव्हा माझ्याबरोबर घरात होता, पण रागावलेल्या माणसाला कोण समजावणार? मी लसीचं कार्ड घेऊन त्या मुलाच्या घरी गेले. तारीख, डॉक्टरांची सही, दरवर्षीची नोंद. मुलानेच मान हलवली, “शेरू नव्हता, तो दुसरा, शेपूट तुटलेला.” जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यात कोणी बोललं, “मग सगळ्यांनाच औषध घालून टाका!” औषध म्हणजे विष.

मैत्रिणींनो, राग मला समजतो. माझ्याही पोटची पोरं आहेत. पण विष घालणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हा एक भाग. दुसरा असा की, त्याने प्रश्न सुटत नाही. एका गल्लीतली कुत्री गेली की शेजारच्या वस्तीतली नवी येतात, लस न घेतलेली. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण करतात, ती पाहून ओळखता येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिल्लीतल्या कुत्र्यांचा प्रश्न गाजला. तेव्हाही शेवटी नसबंदी-लसीकरण करून कुत्री जागच्या जागी सोडावीत, पिसाळलेली आणि आक्रमक मात्र सोडू नयेत, असा आदेश निघाला. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारातून ती हलवण्याबद्दलही न्यायालयाने सांगितलं. म्हणजे मुलांची सुरक्षितता आधी, पण मार्ग विषाचा नाही.

आमच्या महिला मंडळाच्या बायका जमलो. प्रत्येकीने थोडे थोडे पैसे काढले. जनावरांच्या डॉक्टरांना विनंती केली, ते रविवारी सकाळी आले. ज्या घरातून ज्या कुत्र्याला रोज भाकरी मिळते त्या घरच्या बाईने त्याला हाक मारायची, धरायचं, एवढंच ठरलं. नऊ कुत्र्यांना लस टोचली. तो तुटक्या शेपटीचा मात्र मिळाला नाही. तो पुन्हा कधी दिसलाच नाही, म्हणून तर मुलाचे सगळे डोस पुरे होईपर्यंत आम्हा साऱ्याजणींचा जीव टांगणीला होता. अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटचं इंजेक्शन झालं, त्याच्या आईने गल्लीत पेढे वाटले. मुलगा आज छान शाळेत जातो.

त्याला कुत्र्यांची भीती मात्र बसली होती. ती चिमीने घालवली. तिने काही केलं नाही, नुसती लांब बसून राहायची. त्याने बिस्किट फेकायचं, तिने उचलायचं. महिन्याभराने त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. आता मी गल्लीतल्या मुलांना चार गोष्टी शिकवते. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्रीला छेडायचं नाही. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, हात खाली सोडून झाडासारखं उभं राहायचं. आणि चावलं, नख लागलं, तर आईच्या रागाला घाबरून लपवायचं नाही. ही शेवटची गोष्ट मुलांपेक्षा आयांनी ऐकावी. मार बसेल म्हणून पोरं सांगत नाहीत, आणि इथेच घात होतो.

साने गुरुजी आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. त्यांच्या ‘श्यामची आई’त मोरी गाईवर अख्खं प्रकरण आहे. मुक्या जीवांवर प्रेम करायचा संस्कार या मातीत आहेच. त्याला फक्त शहाणपणाची जोड द्यायची. कुत्रं पाळलं असेल, तर तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस, डॉक्टर सांगतील तेव्हा पुढचा डोस, मग दरवर्षी. कार्ड रेशनकार्डाइतकंच जपून ठेवा. पाळलं नसेल, पण दारातल्या कुत्र्याला रोज भाकरी घालत असाल, तर तीही तुमचीच जबाबदारी समजा. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. तुमच्या भिशीत, भजनी मंडळात, बचत गटात त्या दिवशी अर्धा तास या विषयाला द्या. हळदीकुंकवाला वाण म्हणून साबणाची वडी आणि चार ओळींची चिठ्ठी दिली तरी चालेल! कोण जाणे, त्याच वडीने एखादं पोर वाचेल.