मानेगावला पडलेला वेस्टाचा तुकडा

नायगावचा परिसर दख्खनच्या लाव्हाच्या पूर्व कडेला येतो. इथून देगलूर-बिलोलीकडे निघाले की काळा पाषाण संपत जातो आणि ग्रॅनाइट उघडा पडतो. हा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, वय सुमारे 6.6 कोटी वर्षे. मंगळापलीकडे फिरणाऱ्या काही लघुग्रहांवरही बेसॉल्ट आहे, पण तो जवळजवळ 450 कोटी वर्षांचा. त्याच लघुग्रहांच्या कुळातला एक दगड मराठी मुलखात पडला होता. लोणारच्या उल्काविवराला शाळांच्या सहली जातात. मानेगावचे नाव मात्र कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

29 जून 1843. खानदेशातल्या मानेगावी आकाशातून दगड पडला. तो फुटून त्याचा चुरा झाला आणि आज त्याचा मूठभरही भाग शिल्लक नाही. पण पडताना पाहणाऱ्या गावकऱ्यांची जबानी नोंदली गेली, म्हणून त्याची तारीख आणि जागा टिकली. हा दगड ‘डायोजेनाइट’ जातीचा निघाला. पृष्ठभागावरच्या लाव्हाचा हा खडक नव्हे; कवचाखाली खोलवर, सावकाश थंड झालेल्या पायरॉक्सिन या खनिजाचा तो बनतो.

इतक्या खोलातला खडक बाहेर आला कसा? लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्याच्या आतल्या भागात, सूर्यापासून सुमारे 35 कोटी किलोमीटरवर, वेस्टा आहे. तिचा व्यास सुमारे 525 किलोमीटर. 1970 मध्ये तिच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट बेसॉल्टी उल्कापाषाणांशी जुळला. 1993 मध्ये रिचर्ड बिन्झेल आणि शुई शू यांनी त्याच धाटणीचे, जेमतेम दहा किलोमीटरपर्यंतचे छोटे लघुग्रह वेस्टापासून थेट गुरूच्या 3:1 अनुनादापर्यंत विखुरलेले दाखवले. मला या साऱ्या कथेत हेच छोटे लघुग्रह सर्वांत मोलाचे वाटतात, कारण पृथ्वीकडची वाट त्यांनीच दाखवली. या अनुनादात, म्हणजे गुरूच्या एका फेरीत तीन फेऱ्या होतील अशा कक्षेत, शिरलेल्या तुकड्याची कक्षा गुरूच्या ओढीने लांबट होत जाते आणि शेवटी पृथ्वीची वाट छेदते. 2011-12 मध्ये ‘डॉन’ यानाने वेस्टाच्या दक्षिण ध्रुवावरचे सुमारे 500 किलोमीटर रुंदीचे ऱ्हीआसिल्व्हिया विवर जवळून पाहिले. वेस्टाच्या पोटातला खडक बाहेर फेकणारे आघात असे प्रचंड होते.

मानेगावचा तुकडा विज्ञानाला मिळाला तो गावकऱ्यांनी पाहिले आणि सांगितले म्हणून. नायगावच्या शिवारात उद्या असा दगड पडला, तर त्याला कुंकू वाहण्याआधी वेळ आणि दिशा लिहून ठेवा. तो धुऊ नका, फोडू नका, कोरड्या स्वच्छ वेष्टनात ठेवा आणि तहसीलमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.