जुनी कार्बोरेटरची गाडी चढाला बंद पडते? आधी हे बघा

आपल्यातले काही जण अजून कार्बोरेटरवाल्या जुन्या ओम्नीतून भाजी मार्केटला नेतात. गाडी चढाला झटके देऊन बंद पडते आणि थोड्या वेळाने परत चालू होते, तर कार्बोरेटर खोलायच्या आधी पेट्रोल नीट पोचतंय का ते तपासा. विडी-काडी लांब ठेवा.

१) बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. हवा ‘सुस्स’ करून आत गेली आणि गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय.

पुढची कामं इंजिन थंड झाल्यावरच:

२) फिल्टरमध्ये गाळ दिसला तर बदला. बाण पेट्रोल जातं त्या दिशेला हवा.

३) टाकी ते पंप हा रबरी पाइप वाकवून बघा. इथे तडा असला तर पेट्रोल गळेलच असं नाही, पंप हवा ओढतो.

४) ऑइलची पट्टी काढा. पातळी वाढलीय आणि पेट्रोलचा उग्र वास येतोय? पंपाचा पडदा फाटला असणार. गाडी चालवू नका, पातळ ऑइलने बेअरिंग जातं. पंप आणि ऑइल दोन्ही बदला.

माल भरायच्या आदल्या दिवशीच बघून घ्या. घाटात गाडी थांबली तरी टोमॅटो पिकायचा थांबत नाही!

– आपला कृषी सल्लागार