पत्र घेऊन धांवणारें विमान



सेनगांवच्या शाळेंत मी शिकवीत असतांना आकाशांतून एखादें विमान गेलें, कीं मुलें हटकून विचारीत, “गुरुजी, तें किती वेगानें जातें?” मी आंकडा सांगत असें, आणि मुलांचें समाधान होई. परंतु विमान जर माल वाहणारें असेल, तर हें उत्तर अपुरें आहे. पत्राची वाट पाहणाऱ्यास विमानाच्या वेगाशीं काय करावयाचें? पत्र केव्हां हातीं पडेल, एवढाच त्याचा प्रश्न. या दोन वेगांत केवढें अंतर असूं शकतें, तें आज पाहूं.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं ‘पुस मॉथ’ या एका इंजिनाच्या लहानशा विमानांतून टपाल कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस, जुहूच्या मैदानावर आणलें. वेग ताशीं सुमारें शंभर मैल! पुढें नेव्हिल व्हिंटसेंट तें घेऊन मद्रासकडे निघाले. पण रात्रीं उड्डाणाची सोय नसल्यामुळें बल्लारीस मुक्काम पडला. खरी मेख येथेंच होती. विमान दिवसा जें मिळवी, त्यांतील बरेंचसें रात्रीं गमावी. आगगाडी हळू खरी, पण ती झोंपत नाहीं.

दुसरी अडचण वजनाची. माल व पेट्रोल जितकें अधिक, तितकें विमानास वर उठणें कठीण. एकदां हवेंत गेल्यावर मात्र तेंच ओझें त्याला पेलतें. इंग्लंडांत शॉर्ट कंपनीनें यावर चमत्कारिक तोड काढली. ओढा ओलांडतांना बाप मुलाला खांद्यावर घेतो, त्याप्रमाणें ‘मर्क्युरी’ हें चार इंजिनांचें टपालविमान ‘माया’ नांवाच्या मोठ्या विमानाच्या पाठीवर बसवून उंच नेलें, आणि तेथें सोडून दिलें. जुलै १९३८ मध्यें सुमारें हजार पौंड माल घेऊन मर्क्युरी आयर्लंडहून २० तास २१ मिनिटांत कॅनडांतील माँट्रियलला पोहोंचलें. ऑक्टोबरांत स्कॉटलंडहून दक्षिण आफ्रिकेपर्यंत ६,००० मैलांहून अधिक सलग उडून त्यानें जलविमानांचा अंतराचा उच्चांक केला. पण अशी जोडी एकच बांधली गेली. महायुद्ध आलें, मोठीं विमानें स्वतःच्याच बळावर महासागर ओलांडूं लागलीं, आणि ही युक्ति मागें पडली.

रोजच्या व्यवहाराचें उत्तर आपल्या नागपुरास सांपडलें. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीचें हवाई टपाल सुरू झालें. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून रात्रीं निघालेलीं विमानें नागपुरास एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल होई, आणि सकाळपर्यंत तीं आपापल्या शहरीं परतत. चार शहरें एकमेकांशीं जोडावयाचीं, तर सहा मार्ग लागले असते. नागपूर मध्यावर असल्यामुळें चारांत काम भागलें. विक्रमासाठीं बांधलेलें एकही विमान यांत नव्हतें. तरी मुंबईस सायंकाळीं टाकलेलें पत्र सकाळीं कलकत्त्यास उतरूं लागलें. त्याच वर्षीं १ एप्रिलपासून देशांतील पत्रांना विमानासाठीं जादा आकार पडेनासा झाला; म्हणजे हा वेग साध्या गृहस्थाच्याही आवांक्यांत आला.

ती सेवा आज उरलेली नाहीं. पण तिचें तत्त्व जिवंत आहे. अमेरिकेंतील मेंफिस येथें मालवाहू विमानें आजही याच रीतीनें रात्रीं जमतात.

आतां एखाद्या मुलानें मला विमानाचा वेग विचारला, तर आंकडा सांगण्यापूर्वीं मी त्यालाच विचारीन, “बाळ, तें विमान रात्रीं काय करतें?”