प्रायमर टेकल्याचं बोटांना कळलं पाहिजे

अमेरिकेत आमच्या रेंजवर घरी काडतुसं भरणारे नवखे विचारतात, पुंगळीच्या बुडात प्रायमर, म्हणजे बार पेटवणारी टोपी, बसवायला प्रायमिंग टूल कुठलं घेऊ? मी सांगते, हातात धरायचं. काडतुसं भरायच्या प्रेसच्या लांब दांडीला जोर भरपूर, पण प्रायमर खाचेच्या तळाला टेकला का, हे तिच्यातून नीट जाणवत नाही. हातातलं टूल दाबलं की आधी किंचित अडतं, मग टेकल्याचं स्पष्ट कळतं. तरीही पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवतेच. प्रायमर केसभर आत हवा, वर मुळीच नको. नेहमीपेक्षा जास्त अडलं तर जोर लावू नये, प्रायमर उडू शकतो. डोळ्यांवर गॉगल हवाच. लहान प्रायमर ०.१७५ इंचाचा, मोठा ०.२१०, दोन्हींचे भाग सोबत मिळतात का, बघून घ्या. सांधे दुखत असतील तर टेबलाला पक्कं बसणारं बरं. माझ्या नवऱ्याने तेच घेतलंय.