डोक्यावरचा हात

कोणी कोणाच्या डोक्यावर हात ठेवायचा? एवढ्याशा प्रश्नापाशी सहा ख्रिस्ती मंडळ्यांची एकी अडून बसली होती, हे खरं वाटतं का?

आधी हे सांगा, नाशिकचा ख्रिस्ती माणूस अँग्लिकन, नगरचा काँग्रिगेशनल आणि नागपूरचा प्रेस्बिटेरियन कसा झाला? धर्मशास्त्राचा खल करून? छे! नाशिकला इंग्रजांचं मिशन आलं, नगरला अमेरिकन मराठी मिशन, नागपूरला स्कॉटिश. बिशप असावा की नसावा, हे सतराव्या शतकातलं इंग्लंड-स्कॉटलंडचं भांडण गोदाकाठच्या शेतकऱ्याला असं आयतं मिळालं, आजोबांच्या कोर्टकज्ज्यासारखं!

आणि ते थेट प्रभुभोजनापर्यंत पोचलं. एक भाकर, एक प्याला, पण पंगती वेगळ्या. कोण कोणाच्या हातचं पाणी पितो यावरून जिथे माणसाची पायरी ठरायची, तिथे जातिभेदाला पाप म्हणणाऱ्यांनीच आपसांत पंगत मोडावी? मला तर हा श्रद्धेइतकाच न्यायाचा प्रश्न वाटतो.

१९२९ साली लखनौला या मंडळ्या एक करण्याची बोलणी सुरू झाली. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की जाणत्या माणसालाच? तोडगा बघा किती मोकळा: दोन्ही चालतील, आणि ज्या पाळकाचं मन मानत नाही त्याच्यावर बाळाला बाप्तिस्मा देण्याची सक्ती नाही.

खरा पेच हाताचा. अँग्लिकन परंपरेत बिशप डोक्यावर हात ठेवून पाळकाला दीक्षा देतो. त्या बिशपच्या डोक्यावर आधीच्या बिशपांचे हात, त्यांच्यावर त्याआधीच्यांचे... ही साखळी थेट येशूच्या प्रेषितांपर्यंत जाते, अशी श्रद्धा. मग ज्यांच्यात बिशपच नाहीत, त्यांच्या पाळकांचं काय? पुन्हा दीक्षा घ्या म्हणावं, तर त्यांची आजवरची सेवा खोटी ठरते. नको म्हणावं, तर साखळी तुटते!

२९ नोव्हेंबर १९७०. नागपूरचं ऑल सेंट्स कॅथेड्रल. एक मोठी मेथॉडिस्ट मंडळी ऐनवेळी बाहेर राहिली, याची हळहळ वाटतेच. पण उरलेल्या सहांतून त्या दिवशी ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ उभं राहिलं. कसं? सगळ्यांच्या प्रतिनिधींनी आळीपाळीने एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले. बिशपांच्या डोक्यावर, बिशप न मानणाऱ्यांचेसुद्धा! ज्याला जे हवं ते देवाने द्यावं, एवढंच मागणं. कोणाकडे काय कमी होतं, हे ठरवायचं काम त्यांनी देवावर सोडलं होतं.