व्हिएतनामच्या वाढीचे आंकडे आणि आपली काजूबी

दापोलीच्या काजूबीच्या भावाशीं व्हिएतनामचा संबंध दिसतो त्याहून निकटचा आहे. काजूगराच्या निर्यातींत तो देश जगांत पहिला. पण तेथील कारखान्यांस लागणारी बहुतेक बी कंबोडिया व आफ्रिका येथून येते. आपले कारखानदारही आफ्रिकेंतूनच बी आणवितात. गिऱ्हाइकें दोन, माल एक.

आतां त्या देशाच्या 'वाढी'चे आंकडे छापून येतात, ते जपून वाचावे. गतसालीं अतिवृष्टीनें भात पांच खंडी आलें व यंदा नेहमीचें आठ खंडी आलें, तर वाढ शेंकडा ६० दिसते. जमीन मात्र तीच असते! २०२१ सालीं व्हिएतनामची वाढ शेंकडा ६ च्या वर जाईल, असा जागतिक बँकेचा अंदाज होता. करोनाच्या साथीनें कारखाने बंद पडून ती सुमारें २.६ वर अडली. २०२२ ची ८ ची वाढ बरीचशी या खड्ड्यांतून वर येण्याची होती. २०२३ मध्यें ती ५ व २०२४ मध्यें ७ झाली.

बागाइतदारानें या अंदाजांपेक्षां कंबोडियाच्या पिकाकडे अधिक लक्ष द्यावें. तें आपल्याच हंगामांत, फाल्गुन-चैत्राच्या सुमारास उतरतें. तें कमी आलें कीं व्हिएतनामची मागणी आफ्रिकेकडे वळते, तेथील बी महागते, आणि आपले कारखानदार घरच्या बीला अधिक भाव देऊं लागतात.